माईक पुन्हा हातात

प्रिय निकू,

काल बेलापूरच्या यात्रेत कुस्त्यांचा माईक माझ्या हातात होता. खुशाली मागून लिहीन, आधी हे. ऊन कलायच्या आत आखाडा लागला, आसारामनं हलगी शेकून घेतली आणि पहिल्या जोडीपासून मानाच्या कुस्तीपर्यंत तुझा बाप उभ्यानं बोलत होता. आज घसा पार बसलाय. तुझी आई सकाळपासून हळदीचं दूध पाजते आणि "एक अक्षर बोलायचं नाही" म्हणते. म्हणून लिहायला बसलो. खरं तर घसा हे निमित्तच. जे सांगायचं आहे ते मला फोनवर जमलं नसतं. भरल्या मैदानाशी बोलायला मला कधी भीती वाटली नाही, पण पोटच्या मुलीशी काही गोष्टी बोलताना जीभ टाळ्याला चिकटते.

घरी सगळं बरं आहे. चंद्री म्हैस व्याली, रेडी झाली. आईनं खरवस करून वाडीभर वाटला आणि तुझ्या नावानं चुटपुटत राहिली. मळ्यातला ऊस अजून उभा आहे, तोडीची टोळी या आठवड्यात येईल म्हणतात. तुझा मामा आता दर रविवारी येतो, माझ्याशी पूर्वीसारखा बोलतो. मध्यंतरी तो माझ्याकडे न बघता आईशीच बोलायचा, जसं काही मी खोलीत ठेवलेलं एखादं पिंप. त्याचा मला राग नाही. तेव्हा मी होतोच तसा.

कसा होतो, ते तू पाहिलंस. मला मात्र त्यातलं फार थोडं आठवतं. जवळजवळ वर्षभराचा काळ माझ्या डोक्यातून पुसून गेलाय, आणि तो परत येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. त्यामुळं पुढं लिहितो ते तुझ्या आईकडून आणि आसारामकडून ऐकलेलं. सुरुवात चिडण्यापासून झाली म्हणे. चहाला उशीर झाला की कप भिरकावायचो. मग नावं जायला लागली. तुला माहीत आहे, मी कधी कागद घेऊन आखाड्यात उतरलो नाही. पैलवान लंगोट लावून पुढं आला की त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, तालीम, वस्ताद, गेल्या यात्रेत कोणत्या डावावर कुणाला आसमान दाखवलं, हे सगळं आपोआप तोंडात यायचं. तोच मी पारनेरच्या बाजूला एका मैदानात दोन्ही पैलवानांना एकाच नावानं पुकारत राहिलो. लोक हसले, त्यांना वाटलं रंगनाथराव गंमत करतायत.

मग ती ट्रॅक्टरची गोष्ट. संगमनेरजवळच्या एका यात्रेत मी माईकवरून जाहीर केलं, जिंकणाऱ्याला माझ्याकडून नवा ट्रॅक्टर! आपल्याकडं भाड्याचा ट्रॅक्टर यायची मारामार. दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या पोराचे चार नातेवाईक फेटे बांधून दारात आले. आईनं हात जोडले. मी मात्र आतून ओरडत होतो, "द्या रे त्यांना, गोठ्यात चार उभे हायेत!" मला ते खरंच दिसत होते, असं ती सांगते. मी स्वतःला कधी कारखान्याचा चेअरमन समजायचो, कधी सबंध प्रवरेचं पाणी आपल्या मालकीचं आहे म्हणायचो. आणि त्याच दमात लहान मुलासारखा रडायचो.

रविराजच्या घरचे तुझ्या लग्नाच्या बैठकीला आले तो दिवस मी न आठवताही विसरू शकत नाही, कारण तो तुझ्या चेहऱ्यावर राहिलाय. मी म्हणे नवरदेवाला हेलिकॉप्टर पाठवतो म्हणालो. मग तुला तुझ्या आजीच्या नावानं हाक मारली, बनुबाई, बनुबाई, आणि "माझ्या आईला कुठं घेऊन चाललात" म्हणून त्याच्या वडिलांची कॉलर धरली. त्यांच्या मोठेपणाची कमाल, ते एक शब्दही वाकडा न बोलता उठले. तू भांडी उचलत राहिलीस, आणि त्याच महिन्यात पुण्याची नोकरी घेतलीस. तू गेलीस ते बरोबरच केलंस. इथं थांबून तू काय केलं असतंस?

त्या हंगामातच आबासाहेबांनी भर मैदानात माझ्या हातातला माईक काढून घेतला. ज्या आबासाहेबांनी मला विशीत पहिल्यांदा माईक दिला, त्यांनीच. "रंगनाथ, आता खाली बस लेका, लोकं हसाया लागली," एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसले, असं आसाराम सांगतो. नंतर कुणी म्हणालं करणी झालीय, कुणी म्हणालं टेन्शन आहे. एका मोठ्या दवाखान्यात डोक्याच्या गोळ्या दिल्या, त्यानं मी दिवसभर झोपायला लागलो. जीभ जड झाली, चालताना पाय फेकल्यासारखे पडायला लागले. आपल्या वाडीत तर सरळ म्हणत, बापाचं, सहादेवबाबाचं झालं तेच पोराचं झालं, घराण्यातच आहे ते. मामानं वेड्यांच्या दवाखान्याची चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

आता निकू, तुला माहीत नसलेली गोष्ट. रोज जेवणानंतर मी एक गोळी घेतो. लहानपणापासून तू ती बघत आलीस आणि आम्ही तुला बीपीची गोळी म्हणून सांगितलं. ती बीपीची नाही. मला एचआयव्ही आहे. तू आठवीत होतीस तेव्हा कळलं. तो कुठून आला हे मी तुझ्या आईला तेव्हाच सांगितलं आहे, आणि तो आम्हा दोघांतला विषय आहे, तिथंच राहू दे. आईला तो नाही. तिची तपासणी वेळच्या वेळी होते. गोळी चुकत नाही म्हणून माझ्या रक्तात तो विषाणू आता मोजायला गेलं तर सापडतसुद्धा नाही. तू घाबरू नकोस. या गोळीच्या जिवावर मी ऊस लावला, तुझं कॉलेज केलं, गावोगावचे आखाडे गाजवले. ताटातल्या मिठाइतकी ती माझ्या सवयीची झाली आहे.

मला वेड लागल्यावरही आईनं ती गोळी एक दिवस चुकू दिली नाही. आणि त्या गोळ्या आणायला नगरच्या सरकारी दवाखान्यात जावं लागतं, त्यातूनच सगळं उलगडलं. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, आई अजून कंडक्टरला "दोन नगर" म्हणते. त्या खेपेला तिथं नवीन डॉक्टर होत्या, ईरा मॅडम. वयानं तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. गोळ्या देऊन वाटेला लावण्याऐवजी त्यांनी मला समोर बसवलं, नाव विचारलं. मी म्हणालो, चेअरमन. त्या हसल्या नाहीत. "बरं चेअरमनसाहेब, कच्चा पापड, पक्का पापड म्हणा." मला ते जमेना. शब्द एकमेकांत गुंतून तोंडातच राहिले. त्यांनी जीभ बाहेर काढायला लावली, ती वाऱ्यावरच्या पानासारखी थरथरत होती. डोळ्यांवर टॉर्च मारला, पुन्हा मारला, आणि आईला म्हणाल्या, "काकू, यांचा एचआयव्ही ताब्यात आहे. हे त्याचं काम दिसत नाही. आणि मला हे वेडही वाटत नाही. दुसरंच कुणीतरी आत शिरलंय."

रक्त तपासलं. त्यात जे दिसलं त्यानंतर मॅडमनी पाठीच्या कण्यातलं पाणी काढायचं ठरवलं. मामा दवाखान्याच्या आवारातच ओरडला, "पाठीत सुई घातली की मानूस लुळा होतो, आमी सही देनार न्हाई!" आई तोपर्यंत कधी कुणाच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. पण ती मामाला म्हणाली, "दादा, आता काय राह्यलंय त्यांचं, लुळं व्हायाला? माझा मानूस मला परत पायजे." आणि तिनं सही केली. मला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी धरून ठेवलं ते तिनंच. सुई काढल्यावर मी लुळा झालो नाही. डोकं थोडं दुखलं, एवढंच.

त्या पाण्यात रोग सापडला. त्याचं नाव लिहितो, कारण नाव न घेतल्यामुळंच आपल्या घराचं इतकं नुकसान झालं. सिफिलिस. पुस्तकात उपदंश म्हणतात, गावात गरमी. कैक वर्षांपूर्वी तो मला झाला होता. तेव्हा एक न दुखणारा फोड आला होता, मग अंगावर थोडं पुरळ. दोन्ही आपले आपण गेले, मी कुणालाही दाखवले नाहीत. रोग मात्र गेला नव्हता. तो वर्षानुवर्षं दबा धरून बसतो आणि एक दिवस मेंदूत उठतो. ईरा मॅडम म्हणाल्या, तो कुणाच्याही मेंदूत जाऊ शकतो, पण ज्यांना एचआयव्ही आहे त्यांच्यात त्याला ही वाट सोपी जाते. कधी डोळे नेतो, कधी कान, कधी माझ्यासारखी बुद्धी. आणि बघणाऱ्याला वाटतं, माणूस वेडा झाला. आईचीही तपासणी केली. तिला तो नाही.

आणि यावर औषध आहे, निकू! साधं, जुनं पेनिसिलिन. फक्त ते शिरेतून द्यावं लागतं, दर चार तासांनी, दोन आठवडे, म्हणून दवाखान्यात राहावं लागलं; तुला तेव्हा फोनवर आम्ही नुसतं "तपासण्या चालू आहेत" म्हणालो. पहिल्याच दिवशी मला अशी हुडहुडी भरली की खाट वाजायला लागली, ताप चढला. आईला वाटलं, संपलं. ती पळत मॅडमकडे गेली. मॅडमनी नाडी बघितली, तापाचं औषध दिलं आणि म्हणाल्या, "काकू, यात होतं असं कधीकधी. जंतू मरायला लागलेत, त्यांची ही धडपड आहे. उद्या उतरेल." दुसऱ्या दिवशी उतरला.

मी परत आलो ती वेळ आई सांगते तशी लिहितो. औषध संपत आलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचे दोन नातू मोबाईलवर जुनी कुस्ती बघत वाद घालत होते, ही घिस्सा डावावर झाली की ढाकेवर. मी तोवर भिंतीकडे तोंड करून पडून असायचो. तसाच पडल्यापडल्या मी म्हणालो, "घिस्सा बी न्हाई, ढाक बी न्हाई. एकलंगी हाय ती. पुन्यांदा लावून बघा." त्यांनी पुन्हा लावली. एकलंगीच होती. आई डबा उघडत होती, तिच्या हातातलं झाकण खाली पडलं. ती वॉर्डभर सांगत सुटली, "आमचे बोलले, आमचे बरोबर बोलले!" कुणाला काही कळेना, पण सगळ्यांनी तिच्याबरोबर आनंद केला.

तिथून पुढं जादू झाली असं समजू नकोस. घरी आलो तेव्हा मी चेअरमन नव्हतो, रंगनाथ होतो, पण रिकामा रंगनाथ. माणसं ओळखायचो, नावं सापडायची नाहीत. तेव्हा आसारामनं मला हातात घेतलं. रोज सकाळी हलगी घेऊन बांधावर यायचा. एक थाप मारायचा आणि गाव सांगायचा, मी तिथली तालीम सांगायची. थाप, गाव, तालीम. चुकलो की थाप बंद. "मास्तर झालास व्हय रं?" म्हणून मी चिडायचो. तो म्हणायचा, "चीड. पर नाव सांग. तुझ्याबिगर मला दुसऱ्या कुनाच्या बोलन्यावर वाजवाया येत न्हाई." एकदा मी हात टेकले, म्हणालो, ही पाटी आता कोरीच राहायची. तो निघून गेला आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर, थाप मारून गाव विचारायला. सहा महिन्यांनी मॅडमनी पुन्हा पाठीतलं पाणी तपासलं. या वेळी मीच हसत कुशीवर वळलो. "साफ होत चाललंय, काका," त्या म्हणाल्या. पुढच्या तपासणीला ते पूर्ण साफ होतं. हिशेब अजून पटकन होत नाहीत, आणि थकलो की उजवा हात जरा थरथरतो. एवढं शिल्लक राहिलं, त्याची तक्रार नाही.

आणि काल बेलापूर. मी नुसता बघायला गेलो होतो, निदान आई तसं म्हणाली होती. आसारामला आणि आबासाहेबांना काय ठरलंय ते माहीत होतं. आबासाहेब आता काठी टेकत चालतात. ते आखाड्याच्या मधोमध आले, माईक घेतला, म्हणाले, "मंडळी, ह्यो माईक मी ज्याच्या हातातून काढून घेतला हुता, त्याला आज तुमच्यासमोर परत देतो. ये रंगनाथ." आईनं पाठीला हात लावला. मी लाल मातीत उतरलो, ती कपाळाला लावली आणि बोलायला लागलो. पहिल्या दोन-तीन जोड्यांना आवाज कापला. मग हलगीचा ठेका पायात शिरला आणि मी सगळं विसरलो, म्हणजे काहीच विसरलो नाही.

मानाच्या कुस्तीला एका बाजूनं करण, कोपरगावचा, त्याचं सगळं कुळ मी सांगून मोकळा झालो. दुसऱ्या बाजूनं श्रीगोंद्याकडचा एक उंच पोरगा सलामी देत आला, आणि माझं डोकं कोरं. चेहरा ओळखीचा, नाव नाही. मैदान वाट बघतंय. मागं आबासाहेबांची काठी मातीत रुतताना ऐकू यावी इतकं शांत. आसारामला नाव माहीत होतं, पण त्यानं सांगितलं नाही, त्यानं फक्त हलगी थांबवली. मी डोळे मिटले. घाई केली नाही. आणि ते आलं, अवघड अक्षरासकट, न अडखळता: नृसिंह! नाव आलं आणि त्याच्यामागून सगळं लटांबर आलं, त्याचे वडील, त्याचे वस्ताद, त्याच्या आज्यानं याच बेलापुरात मारलेली कुस्ती, तीही कोणत्या डावावर. लोक उभे राहिले गं. फेटे उडाले. आसारामनं अशी हलगी वाजवली की मला वाटलं कातडं फाटणार. कुस्ती नृसिंहनं मारली, पण निकालानंतर तो पोरगा सगळ्यात आधी माझ्याकडं पळत आला आणि पाया पडला. आई बायकांच्या घोळक्यात उभी राहून शिट्टी मारायचा प्रयत्न करत होती. जन्मात पहिल्यांदा. जमली नाही.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते ऐक. गेल्या आठवड्यात रविराज आला होता. संगमनेरहून दूध संघाची ड्युटी संपवून, मोटरसायकलवर. ओट्यावर बसला, चहा घेतला, आणि मान खाली घालून म्हणाला, तुम्हाला सांगू नये, पण निकितानं मला नाही म्हटलंय. कारण विचारलं तर म्हणाली, आमच्या घरात वेड आहे, आजोबांना होतं, अण्णांना झालं, उद्या मला होईल, मग माझ्या मुलांना, तू दुसरी मुलगी बघ. आम्हाला वाटत होतं त्याच्या घरच्यांनी मोडलं. ते तर अजून थांबलेत. मी त्याला काही सांगितलं नाही, ऐकण्याचा पहिला हक्क तुझा होता. परवा नगरला जाऊन मी ईरा मॅडमना स्पष्ट विचारून आलो. त्या म्हणाल्या, हा जंतूचा रोग, तो वंशात उतरत नाही. आणि तो मला झाला तुझ्या जन्मानंतर कित्येक वर्षांनी, तुझ्या रक्ताशी त्याचा काडीचा संबंध नाही. आजोबा नव्वदीला टेकले होते, त्या वयात माणूस विसरतोच. दोन वेगळ्या गोष्टींना लोकांनी एक गाठ मारली आणि ती तू स्वतःच्या गळ्यात बांधून घेतलीस. मी गप्प राहून माझी अब्रू राखली असती तर ती गाठ तशीच राहिली असती. तेवढी महाग अब्रू मला परवडत नाही. हे पत्र रविराजला दाखव, नको वाटलं तर नको दाखवू, कोणत्याही डॉक्टरला नेऊन विचार. त्याच्याशी लग्न करायचं नसेल तर तुझ्या मनानं नाही म्हण, मी तुझ्या बाजूला उभा आहे. पण माझ्या आजाराच्या नावानं नाही म्हणू नकोस. आणि हे वाचून तुला माझा राग आला, तर तोही गिळू नकोस. घरी ये, समोर बस, जे वाटतं ते तोंडावर बोल. मी ऐकेन, आणि विसरणार नाही. आता माझ्या लक्षात राहतं.

तुझाच,
अण्णा